बॅरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवायच्या पोटाच्या) ऑपरेशननंतर काटा ८४ वर अडकलाय, खायचं काय नि कसं?

रानमोगरा
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं मागच्या डिसेंबरात स्लीव्हचं (पोटाचा मोठा भाग कापून काढतात ते) ऑपरेशन झालं. वय ४४, उंची ५ फूट २ इंच, ऑपरेशनच्या दिवशी वजन ११२. पहिले चार महिने दर आठवड्याला काटा खाली, शिंप्याकडे चकरा, शेजारणी वळून बघायच्या, एकूण मजा होती. नंतर हळूहळू होत होत ८४ वर आलं आणि तिथेच बसलं. नागपंचमीला ८४, गणपतीला ८४, आता पितृपक्ष लागला तरी ८४.

आणि खाते किती म्हणाल तर चिमणीएवढं. सकाळी चहा आणि २ मारी. नाश्त्याला अर्धी वाटी उपमा नाहीतर पोहे. दुपारी अर्धी पोळी, भाजी, दोन चमचे आमटी. ४ वाजता चहा, एखादा खाकरा. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चहा, मूठभर चिवडा. रात्री वरणभात अर्धी वाटी. बास. एवढ्यावर माणूस जगतो तरी कसा असं अहो विचारतात, आणि सासूबाई म्हणतात एवढे पैसे घालून पोट कापून घेतलंस ते कशाला मग. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे. तोवर ज्यांनी हे पार केलंय त्यांनी सांगा, तुम्ही काय खाल्लंत? आणि नवरात्र तोंडावर आलंय, माझे नऊ दिवसांचे उपवास असतात, ते करू की नको?

चिंगी
+१. सेम पिंच. माझं बायपास (हृदयाचं नाही, पोटाचं), ७ महिने, ९१ वर मुक्काम. पाट टाकून बसलेय इथे.

शंकासूर
स्पष्ट बोलतो, राग नसावा. पोट शिवण्याऐवजी तोंड शिवलं असतं तर लाखभर वाचले असते. आमच्या वडिलांनी ७८ व्या वर्षापर्यंत रोज २५ सूर्यनमस्कार घातले, ज्वारीची भाकरी नि कांदा खाल्ला, त्यांना ना बायपास माहीत ना स्लीव्ह. शर्टाचीच बाही माहीत होती फक्त.

गोधडी
शंकासूर काका, राग नाही पण उत्तर देते, कारण हे वाक्य मी सहा वर्षांत प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ऐकलंय. मी १२६ किलोची होते. सूर्यनमस्कार सोडा, बुटाची नाडी बांधताना दम लागायचा. डाएट १९ वर्षं केले. कोबीचं सूप, जीएम, कीटो, एका बाईंचा नुसत्या काकडीचा सुद्धा. प्रत्येक वेळी १० उतरायचे आणि १३ परत यायचे. भूक ही काय चारित्र्याची परीक्षा नाहीये हो. पोटाच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन तयार होतं, स्लीव्हमध्ये पोटाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग काढतात तेव्हा तो भाग पण जातो. मला बायपास होऊन आठवड्याने दुपारचे दोन वाजले तरी जेवायची आठवण झाली नाही, तेव्हा मी रडले होते. म्हटलं, बारीक लोकांना रोज असं वाटतं? मग त्यात त्यांचं कौतुक ते काय?

रानमोगरा, तुझ्याबद्दल सविस्तर लिहिते रात्री. आत्ता कुकर लावलाय.

मिरजेचा तंबोरा
"शर्टाचीच बाही" :-D काका तुम्ही चुकीचं बोलता पण छान बोलता.

वरणफळ
माझं कामच हे आहे (आहारशास्त्र), त्यामुळे जरा लांबण लागेल.

रानमोगरा, आधी हिशोब. तुमच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ म्हणजे साधारण ६२ किलो. म्हणजे ११२ मध्ये जास्तीचे होते ५०, त्यातले २८ गेले, ५६ टक्के. नऊ महिन्यांत स्लीव्हनंतर हे चांगलं आहे, ऑपरेशन फसलंय वगैरे डोक्यातून काढून टाका. वजन साधारण वर्ष ते दीड वर्ष उतरत असतं आणि ते घसरगुंडीसारखं नाही, जिन्यासारखं उतरतं. पायरीवर उभं असताना आपण खाली जातोय असं वाटत नाही एवढंच.

पायरी का येते? अंगावर २८ किलोचं पोतं घेऊन तुम्ही दिवसभर फिरत होतात, ते उतरवलंत. पोतं उतरवलेल्या हमालाला भाकरी कमी पुरते. त्यात शरीर दुष्काळ पडलाय असं समजून आणखी काटकसर करतं ते वेगळंच. म्हणजे मार्चमध्ये ज्या जेवणावर आठवड्याला किलोभर जात होतं त्याच जेवणावर आता जमाखर्च बरोबर बसतो. (ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास जो पहिला अडथळा येतो तो वेगळा, तो पाण्याचा खेळ असतो. साठवलेल्या ग्लायकोजेनबरोबर (शरीरातला साखरेचा साठा) त्याच्या तिपटीएवढं पाणी आधी निघून जातं, काटा धपकन पडतो, मग थबकतो.)

आता तुमची यादी. कॅलरी सोडा, मी प्रोटीन मोजलं. उपमा २ ग्रॅम, अर्धी पोळी नि भाजी ३, दोन चमचे आमटी १, चहातलं दूध ५, खाकरा नि मारी ३, चिवडा ३, वरणभात ५. ओढूनताणून २२ ते २५. तुम्हाला हवं ६० ते ८०. म्हणजे तुम्ही चिमणीएवढं खाताय हे खरं, पण चिमणी निदान किडे तरी खाते हो. तुमच्या ताटात सगळा रवा, पोहे, कणीक, भात. प्रोटीन कमी पडलं की वजनाबरोबर स्नायू जातात, आणि स्नायू गेले की शरीर आणखी कमी जाळतं. केस गळतायत का? थकवा? रिपोर्ट कधी काढले होते?

रानमोगरा
वरणफळताई, वाचून गार पडले. २५??? मला वाटायचं वरण म्हणजे प्रोटीनच. केस एप्रिल-मेमध्ये मुठीमुठीने गेले, आता कमी झालंय. रिपोर्ट मार्चमध्ये काढले होते. त्यानंतर नाही... गोळ्या पण खरं सांगायचं तर आठवेल तेव्हा.

बांगडा फ्राय
वरण म्हणजे प्रोटीनच, फक्त ते डाळीत असतं आणि आपण पितो पाणी. आमच्या घरी वरण असं करतात की ताटात ओतलं तर पलीकडचं दिसतं. :-)

माझं स्लीव्ह, सव्वातीन वर्षं, १३१ वरून ८८. मालवणी माणूस, त्यामुळे मला प्रोटीनचा प्रश्नच आला नाही. १०० ग्रॅम बांगडा म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि मासा कसा, तोंडात टाकला की विरघळतो, चिकनसारखा अडकत नाही. सुरुवातीला ओले बोंबील, मग सुरमई, मग बांगड्याचं तिरफळ घातलेलं आमसुलाचं सार. भात दोन चमचे, नुसता वासाला. तळलेला नको पण, नाव बघू नका माझं. तव्यावर चमचाभर तेलात.

एकच, सोलकढी जेवताना नाही हां. अर्धा तास थांबून. हे मला सगळ्यात जड गेलं. पोट कापून घेतलं त्याचं एवढं वाईट नाही वाटलं.

चिंगी
जेवताना पाणी का नको? मला सांगितलं होतं पण कारण कोणी सांगितलं नाही.

गोधडी
आले. कुकर झाला.

चिंगी, बारीक झालेल्या पोटाचं असं आहे की घट्ट अन्न असलं तर ते तिथे टिकतं, पोट भरल्यासारखं वाटतं. त्यावर पाणी ओतलंस की सगळं पातळ होऊन सरकतं खाली, आणि अर्ध्या तासात परत काहीतरी चघळावंसं वाटतं. मोरीत अडकलेलं पाणी ओतून ढकलतो ना, तेच.

आणि रानमोगरा, तुझं दुखणं इथेच आहे असं मला वाटतंय. तुझी यादी मी तीनदा वाचली. जेवणात तू काहीच खात नाहीयेस, जेवणांच्या मधे खातेयस. मारी, खाकरा, चिवडा. हे मी स्वतः केलंय म्हणून कळतं. आपलं नवं पोट मोठं विचित्र आहे, जे चांगलं त्याला नको म्हणतं आणि जे फालतू त्याला या बसा म्हणतं. भाकरीचा घास नीट चावला नाही तर छातीत दगड. कोरडं चिकन, कडक पनीर, अंड्याचा बलक, सगळं अडकतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, मोरीवर धावायचं. दोनदा असं झालं की माणूस घाबरतो आणि जे गपगुमान सरकतं तिकडे वळतो. चिवडा, खारी, मारी, कुरमुरे, चकली, सगळं तोंडातच पीठ होतं आणि चहाच्या घोटाबरोबर सुळकन खाली. पोट भरतच नाही. मी दुसऱ्या वर्षी ७४ वरून ८१ वर गेले ते अशाच खारीवर. नवऱ्याला वाटायचं बायको काही खातच नाही. मलाही तसंच वाटायचं, खोटं नव्हते बोलत!

मला त्यातून बाहेर काढलं एका साध्या वहीने. ८ दिवस, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, फोडणी चाखली ती पण, मुलाच्या डब्यातलं उरलेलं टोक पण. दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही अशा अटीवर लिही, म्हणजे खरं लिहिशील.

डॅलसवासी
वहीला +१००. मी इथे अ‍ॅपमध्ये लिहिते पण त्यात आपलं काही सापडत नाही, थालीपीठ टाकलं की कुठलंतरी पॅनकेक दाखवतं. शेवटी एक छोटा किचनचा काटा घेतला आणि महिनाभर घरचं सगळं मोजून स्वतःचा तक्ता केला. माझी थालीपिठाची गोळी ७० ग्रॅमची आहे असं मी समजत होते ती १२० ग्रॅमची निघाली. हात लबाड असतो.

शंकासूर
काट्याचं म्हणाल तर बोलायचा अधिकार माझा, ३४ वर्षं किराणा दुकान आहे. वजनकाटा फरशीच्या दोन तुकड्यांच्या जोडावर ठेवलाय का बघा. एक पाय वर एक पाय खाली असला की पाऊण किलो इकडे तिकडे सहज. सतरंजीवर तर ठेवूच नका. आणि रोज काय चढता त्यावर? मी रोज गल्ला मोजला तर वेडा होईन. शनिवारचा हिशोब शनिवारी.

मिरजेचा तंबोरा
काका पक्ष बदलताहेत. नोंद घ्यावी.

वरणफळ
काकांना पूर्ण अनुमोदन. आठवड्यातून एकदा, सकाळी, तोंड धुवून, त्याच जागेवर. पाळीच्या आधी दीड-दोन किलो पाणी धरतं, लोणचं-पापड झालं की धरतं, नवीन व्यायाम सुरू केला की स्नायू पाणी धरतात. महिन्यातून एकदा टेपने कंबर नि मांडी मोजून लिहून ठेवा. काटा थांबलेला असतानाही टेप सरकताना मी खूपदा बघितलीय.

चिंगी
ते पाच दिवसांचं पाऊच (म्हणजे आपलं बारीक केलेलं पोट) रीसेट करून बघू का? व्हिडिओ बघितला, पाच दिवस परत लिक्विडवर जायचं, मग पाऊच आकसतं आणि वजन सुरू होतं म्हणे.

वरणफळ
नाही. पाऊच ही काही लोकरीची टोपी नाही, गरम पाण्यात घातली की आटायला. पाच दिवस पातळ प्यायल्याने पोटाचा आकार बदलतो याला काहीही आधार नाही. दोन किलो जातात ते पाणी, सहाव्या दिवशी परत. एक मात्र होतं, पाच दिवस चिवडा सुटतो, त्याचाच फायदा होत असेल तर व्हिडिओशिवाय सोडा की.

उंटावरचा शहाणा
अवांतर आहे पण राहवत नाही. शरीराच्या काटकसरीवरून आठवलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धात उपाशी राहिलेल्यांना नंतर कसं खाऊ घालायचं हे शोधायला. ती पोरं शेवटी शेवटी दिवसभर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, थंडी वाजायची, चिडचिड करायची, आणि शेवटी वजन उतरायचं पण जवळजवळ थांबलं. मूळ वजनाच्या साधारण पाव भाग गेल्यावर. रानमोगराताईंचे ११२ पैकी २८ म्हणजे बरोब्बर पाव! (उगाच योगायोग, निष्कर्ष काढू नका.)

दुसरं अवांतर, बायपासची सुरुवात १९६६ मध्ये आयोवात एडवर्ड मेसन यांनी केली, पोटाच्या अल्सरसाठी ज्यांचं अर्धं पोट काढलं होतं त्या बायकांचं वजन काही केल्या वाढत नाही हे बघून.

बांगडा फ्राय
दिवसभर पाककृती वाचणे! ऑपरेशननंतर पहिला महिना मी फोनवर फक्त लोकांचे मटण बनवतानाचे व्हिडिओ बघत होतो. एका हातात डाळीचं गाळलेलं पाणी. शास्त्रीय आधार आहे हे कळून बरं वाटलं.

चिंगी
मग वजन उतरवायचं इंजेक्शन? २०२५ च्या मार्चमध्ये मौन्जारो आलं, जूनमध्ये वेगोवी, माझी मैत्रीण म्हणते प्लॅटोला (काटा असा अडकला की) तेच घे.

वरणफळ
ऑपरेशननंतर वजन परत चढलं तर काही डॉक्टर देतात, पण तो निर्णय त्यांचाच, मैत्रिणीचा नाही. तुझं ७ व्या महिन्यात आहे गं. त्या इंजेक्शनने भूक आणखी मरते, मळमळतं, आणि प्रोटीन आधीच कमी असलेल्या माणसाची भूक मारून काय साधणार? आधी थायरॉइड, बी१२, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), डी बघून घे, आणि दुसरी काही औषधं चालू असतील तर ती पण डॉक्टरांना सांग, काही औषधांनी वजन अडतं.

सखाराम स्वयंपाकी
मी रुग्ण नाही, रुग्णाचा नवरा. बायकोचं दोन वर्षांपूर्वी मिनी बायपास झालं आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. शाकाहारी घर, अंडं पण नाही, त्यामुळे बांगडा फ्राय यांच्याकडे बघून नुसता हेवा. माझे प्रयोग सांगतो.

मुगाची डाळ ४ तास भिजवून मिक्सरला लावायची, त्यातच पनीर कुस्करून फिरवायचं, आलं मिरची जिरं, पातळ धिरडी. मऊ होतात, अडकत नाहीत. दुसरं पिठलं, पण घट्ट, भाकरी बुडवायला नाही तर चमच्याने खायला. तिसरं सोयाच्या वड्या, भिजवून घट्ट पिळून मिक्सरमधून एक फेरा आणि कांदा टोमॅटोवर खिम्यासारखं, बायकोला शेवटपर्यंत कळलं नाही. चौथं चक्का. दही फडक्यात टांगायचं रात्रभर, सकाळी त्यात मीठ, मिरपूड, काकडी. साखर घालून त्याचं श्रीखंड करायचा मोह मला होतो, मी माझ्या वाटीत करतो.

आणि ताटाचा क्रम बदलला. आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा राहिली तर भाकरी. आपण पोळीला मुख्य धरतो आणि भाजी 'तोंडी लावायला' म्हणतो ना, ते उलटं करायचं. आमच्या आईला हे पटायला सहा महिने लागले. "नुसतं पिठलं खाते, भाकरी कशाशी खाईल?" ...

हो आणि छोटा चमचा. आइस्क्रीमच्या कपाबरोबर येतो तो लाकडी चपटा चमचा मी डझनभर आणून ठेवलेत.

गोधडी
सखाराम भाऊ, तुमच्या सौ.ना माझा नमस्कार आणि थोडा मत्सर.

मिरजेचा तंबोरा
माझी बायको हा प्रतिसाद वाचतेय. सखारामराव, तुम्ही आमचं वाटोळं केलंत.

रानमोगरा
सगळ्यांना धन्यवाद! वही सुरू केलीय. पण उपवासाचं राहिलंच. घटस्थापना सोमवारी आहे. सासूबाईंना वाटतंय की यंदा तू जरा कडक कर, वजन पण उतरेल.

डॅलसवासी
उपवास आणि वजन उतरेल :-) साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्चवर तूप नि शेंगदाणे, वर बटाटा, त्यावर बटाट्याचे पापड. दुप्पट खाशी उगाच नाही म्हणत.

गोधडी
बायपासवाल्यांनी उपवासाच्या गोडापासून तर लांबच राहायचं. माझी गोष्ट सांगते. ऑपरेशननंतर ५ महिन्यांनी मावसबहिणीचं लग्न, पंगतीत बासुंदी. मोठ्या मामी वाटी घेऊन मागे. "एवढीशी घे गं, शास्त्राला." घेतली अर्धी वाटी. वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा, हात थरथर, वरपक्षाच्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर आडवी. नवरदेवाच्या आत्याला वाटलं हार्ट अटॅक. त्याला डंपिंग म्हणतात, साखर धाडकन आतड्यात उतरली की होतं. स्लीव्हमध्ये कमी होतं पण होतं. तेव्हापासून आग्रह करणाऱ्याला मी ही गोष्ट सविस्तर सांगते, मुरड्यासकट. वाटी आपोआप मागे जाते.

वरणफळ
रानमोगरा, ९ दिवस कडक नको. उठता-बसता एकेक दिवस करा, पहिला नि शेवटचा, आणि तेही दूध, चक्का, पनीर, थोडा राजगिरा यावर. पाणी दिवसभर घोट घोट. निरंकार अजिबात नाही. आणि उलट्या व्हायला लागल्या, पाणीसुद्धा टिकत नाही असं झालं तर उपवास बिपवास सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थायमिन (जीवनसत्त्व बी१) कमी पडलं तर नसांना फटका बसतो, त्यात थांबायचं नसतं.

चिंगी
प्रोटीन पावडर उपवासाला चालते का? सीरियसली विचारतेय, आई म्हणते डब्यातलं काही चालणार नाही.

सखाराम स्वयंपाकी
व्हे म्हणजे दूध फाडलं की जे हिरवट पाणी उरतं ना, ते वाळवून केलेली पूड. पेढा चालतो तर हे का नाही? फक्त डब्यावरचं वाचा, चव आणायला काय काय घातलंय ते देवीलाच माहीत.

बांगडा फ्राय
आमची आजी ते पाणी टाकू द्यायची नाही, कणकेत मळायची. तेव्हा आम्ही नाक मुरडायचो, आता तेच किलोला तीन हजार देऊन घेतो.

उंटावरचा शहाणा
आजी काळाच्या पुढे होत्या, आपण डब्याच्या मागे.

शंकासूर
माझ्या दुकानात उपवासाच्या दिवसांत सगळ्यात जास्त काय खपतं सांगू? साबुदाणा नाही. बटाट्याचा चिवडा. भाविक लोक दर तासाला येऊन ५० ग्रॅम नेतात.

एक विचारायचं होतं. हे इन्शुरन्समध्ये बसतं का? माझ्या पुतण्याचं वजन १४० आहे, वय २९, झोपेत श्वास अडकतो, मशीन लावून झोपतो. मागच्या आठवड्यात त्याच्या आईने विचारलं तेव्हा मी तिला तेच तोंड शिवायचं ऐकवलं. गोधडीबाईंचं वाचल्यावर जरा चुकचुकल्यासारखं झालं.

डॅलसवासी
काका, भारतातल्या पॉलिसीत सहसा बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि बरोबर डायबिटीस, स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयविकार असा गंभीर त्रास असेल तर बसतं, आधी बाकीचे उपाय करून झालेले हवेत. वेटिंग पिरियड मात्र पॉलिसी काढून वाचा. माझ्या भावाचं झालं.

गोधडी
काका, पुतण्याला एकदा माझ्याशी बोलायला सांगा. विपू (तुमच्या पानावर निरोप) करते तुम्हाला.

रानमोगरा
वहीचा रिपोर्ट. हसू नका.

मी वर यादीत ३ चहा लिहिले होते, निघाले ५. ऑफिसात पेशवे कालीन परंपरा असल्यासारखा साडेअकराचा आणि साडेतीनचा चहा येतो तो मी धरलाच नव्हता. प्रत्येकात साखर. "मूठभर चिवडा" वजन केलं तर पहिली मूठ ४० ग्रॅम, आणि मुठी दोन किंवा तीन. म्हणजे नुसत्या चिवड्याच्या चारशे ते सहाशे कॅलरी, माझं दुपारचं नि रात्रीचं जेवण मिळून तेवढं होत नाही. मुलीच्या ताटातलं उरलेलं रोज. नैवेद्याचं दाखवून झाल्यावर कुणीतरी संपवायला हवं म्हणून मी. आणि हे सगळं करून मी खरंच शपथेवर सांगत होते की मी अर्धी पोळी खाते. गोधडीताई तुम्ही वाक्य न् वाक्य बरोबर होतात.

दुसरं, रिपोर्ट आले. फेरिटिन तळाला, बी१२ काठावर. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी अपॉइंटमेंट अलीकडे घेतली. मी लोहाची गोळी सकाळी चहाबरोबर घेत होते आणि कॅल्शियम पण तेव्हाच, एकदम सगळं उरकायला. आता दोघांमध्ये दोन तास ठेवायचे, चहा गोळीपासून लांब. म्हणजे गोळी घेऊन सुद्धा ती वाया जात होती.

चिवड्याचा डबा अहोंच्या कपाटात गेला आहे. कुलूप आहे, किल्ली माझ्याकडेच आहे :-(

मिरजेचा तंबोरा
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

वरणफळ
शाब्बास. आता एक करा, चिवडा काढलात त्या जागी काहीतरी ठेवा, रिकामी जागा परत चिवड्यानेच भरते. घरी आल्यावर भूक खरी असते, दुपारी अर्ध्या पोळीवर गेलेली. उकडलेलं अंडं, धिरडं किंवा चक्क्याची वाटी, खाली बसून, चहाशिवाय. आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, पाण्याच्या बाटल्या भरून चालतील, डॉक्टरांना विचारून. नुसतं चालणं तब्येतीला छान पण स्नायू राखायला कमी पडतं.

चिंगी
चिवड्याचं वाचून मी पण मोजलं. माझं लोणी बिस्किट होतं. काही बोलायचं नाही.

रानमोगरा
कोजागिरीला परत आले. पहिला नि शेवटचा असे दोनच उपवास केले, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच चक्का टांगला. प्रोटीन ५५ ते ६० पर्यंत जातंय, रोज नाही. शनिवारी काकांच्या पद्धतीने, सपाट फरशीवर, ८२.६. मधल्या एका शनिवारी ८४.३ होतं तेव्हा वही फेकायची राहिले होते, टेप लावली तर कंबर दोन सेंटिमीटर कमी. डॉक्टर म्हणाले ठीक चाललंय, तीन महिन्यांनी या.

सखारामदादा, धिरडी तव्याला चिकटतायत पण. पनीर जास्त होतंय का?

सखाराम स्वयंपाकी
पनीर नाही, तवा तापायच्या आधी घालताय. आणि डाळीत चमचाभर तांदूळ भिजवा, फक्त चमचाभर. पहिलं धिरडं चिकटतंच, ते नवऱ्याचं.

शंकासूर
पुतण्याची अपॉइंटमेंट २८ तारखेला आहे. बरोबर मी जातोय. गोधडीबाई, काय काय विचारायचं ते लिहून द्या.